आवतणाला आलेला तिबुर्स मास्तर

काय सांगू तुम्हाला, मी एका माणसाला मारलंय. अहो, चहा सांडाल! बसा खाली. पोलीस वगैरे काही भानगड नाही. मारलं ते नुसतं तोंडानं मारलं, आणि ज्याला मारलं तो माझ्याच बहिणीच्या लग्नात पोटभर जेवून गेला. पण ते जेवण वाढलं जायच्या आधी जे काही झालं ना, ते आठवलं की अजून हातावर काटा येतो. हा बघा. आला की नाही?

गोष्ट जुनी. अठ्ठावन्न-एकोणसाठ साल असेल. आज न्हावा शेव्याला जिथे कंटेनर एकावर एक रचून ठेवतात, त्या बाजूला तेव्हा मिठाच्या राशी असायच्या. उरण आणि शेव्याच्या मधे आमचं गाव. पुढे खाडी, मागे खाडी, मधे मिठागरं. बाबा मिठागरावर मुकादम आणि मी तिथलाच कारकून. पंधरा दिवसांतून एकदा मिठाचे कागद घेऊन मोरा बंदरावरून लाँचने मुंबईला जायचं, साहेबाचा शिक्का मारून आणायचा, एवढंच माझं काम.

त्या शिक्क्यानं माझी वाट लावली. शिक्का मिळायचा दुपारी आणि लाँच सुटायची संध्याकाळच्या भरतीला. मधल्या वेळात मी जुन्या बाजारात भटकायचो. तिथे कासमचाचा म्हणून एक म्हातारा मोडक्या घड्याळांच्या ढिगात ग्रामोफोनच्या तबकड्या मांडून बसायचा. गोरे लोक जाताना जे टाकून गेले ते सगळं त्याच्याकडे. एकदा त्यानं एक तबकडी लावली आणि मी आहे तिथेच खिळलो. ट्रम्पेट, मागे ड्रम, आणि कुणीतरी घसा खरवडून गात होता. एक शब्द कळेल तर शपथ! पण मला वाटलं, हा माणूस मला ओळखतो.

"ये जॅझ है, बेटा," कासमचाचा म्हणाला. "एक बार लग गया तो घर का नहीं रहेगा."

नाहीच राहिलो. खात्यातला एक साहेब बदलून गेला त्याचा चावीचा ग्रामोफोन मी मिळवला. पिना मिळायच्या नाहीत, तर बाभळीचा काटा तासून लावायचो. आमच्याकडचं वारं खारं, त्यामुळे प्रत्येक तबकडी आधी करकरायची, मिठावरून कुणी चालत येतंय तशी, आणि मग वाजायला लागायची. घरातले म्हणायचे, दामूला काहीतरी लागलंय.

आता तबकड्या जमवणाऱ्याचं एक दुखणं असतं. नुसतं ऐकून भागत नाही, दुसऱ्याला सांगावं लागतं. ओहोटी लागली की लाँच धक्क्याला लागायची नाही, मग मोरा बंदरावरच्या चहाच्या टपरीवर सगळे अडकून पडायचे. तेच माझे श्रोते. मी त्यांना अमेरिकेतल्या वादकांच्या गोष्टी सांगायचो.

पण मला त्यांची माहिती ती काय? तबकडीवर छापलेलं नाव, संपलं! बाकीचं सगळं मी घालायचो. एका फुप्फुसाचा ज्यो, जो ट्रम्पेट वाजवता वाजवताच गेला. डावखुरा लेफ्टी, जो पुरात पियानोसकट वाहून गेला आणि जाताना वाजवतच होता. एकदा मी चुकून एकाला जिवंत सोडलं. म्हटलं, तो आता म्हातारा झालाय, नातवंडांत सुखी आहे. टपरीवाला तोंड वाकडं करून म्हणाला, "हॅ! मंग त्याचा काय आयकायचा?"

त्या दिवसापासून मी एकही वादक जिवंत ठेवला नाही. अमेरिका लांब. तिथला कोण मोऱ्याला येऊन जाब विचारणार होता?

चुकलो ते पुढेच. मारला तो मुंबईतला मारला.

झालं काय, कासमचाचाकडे मला एक साधी काळी तबकडी मिळाली. कंपनीचं नाव नाही, छापील कागद नाही. मधे कुणीतरी शाईनं लिहिलेलं, 'तिबुर्स, ट्रम्पेट'. पाकिटात एक फोटो. पांढरा सूट, बारीक मिशी, हातात ट्रम्पेट, आणि डोळे असे की बघणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते बघतायत. कासमचाचाला एवढंच ठाऊक होतं की हा कुणी गोव्याचा मास्तर, हॉटेलात वाजवायचा.

तबकडी घरी आणून लावली. काय वाजवलं होतं हो त्यानं! लग्नघरातून सगळी माणसं निघून गेल्यावर मांडवात एकटाच बसलेला माणूस वाजवेल, तसं. मग सूर संपला. काटा नुसताच करकरत राहिला. मी उचलायला हात पुढे केला आणि त्या करकरीतून कुणीतरी खोकलं. मग अगदी लांबून, विहिरीतून यावा तसा आवाज आला, "येतां रे, येतां."

मी हात मागे घेतला. भर दुपार होती, बाहेर बाबा कुणाला तरी ओरडत होते, तरी घेतला.

नेमकी त्याच वेळी हिराआजी दारात उभी होती. हिराआजी आमच्या गावची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवलारणीचा मान भटजीच्या आधी. लग्नाचे विधी ती गाण्यातून करते. देवांना बोलावते, आणि घरातली जी माणसं गेलेली आहेत, त्यांनाही एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. त्याला आवतण म्हणायचं. आवतण राहिलं तर गेलेला माणूस रुसतो, अशी समजूत. माझी धाकटी बहीण यमू, तिचं लग्न माघात ठरलं होतं, त्याचंच बोलायला आजी आली होती. दारातच तिनं तबकडी ऐकली आणि उंबऱ्यावर बसली.

"कोन रं यो?" तिनं विचारलं. डोळे भरले होते.

इथे मी म्हणायला हवं होतं, "माहीत नाही आजी." तीन शब्द! पण माझ्यासमोर भरलेले डोळे होते, आणि टपरीची सवय होती.

मी सांगितलं, तिबुर्स मास्तर गोव्याला जाणाऱ्या बोटीवर वाजवत होता. वादळ आलं. सगळे होड्यांत उतरले, हा उतरला नाही. ट्रम्पेटात पाणी शिरेपर्यंत वाजवत राहिला. बायको नाही, पोर नाही, मागे पाणी पाजायला कोणी नाही. प्रेतही सापडलं नाही. एवढ्यावर थांबायचं की नाही? नाही! मी म्हटलं, "आणि आजी, तेव्हापासून ओहोटीला खाऱ्या पाण्यात त्याचा ट्रम्पेट ऐकू येतो."

आजीनं पदरानं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं त्या फोटोला झेंडूचा हार घातला. आमच्या आजोबांच्या शेजारी तिबुर्स मास्तर लागला. येणाऱ्या-जाणाऱ्या बायाबापड्या हात जोडायला लागल्या. गावात त्या चेहऱ्याला ओळखत नाही असं माणूस उरलं नाही.

आणि मग लोकांना तो ऐकू यायला लागला.

हसताय? मिठागराच्या बांधाला उघाडी असते. म्हणजे लाकडी दार, भरतीचं पाणी आत घ्यायला आणि ओहोटीला बाहेर सोडायला. आमची उघाडी जुनी, फळ्यांत फटी. ओहोटीच्या वाऱ्याला ती शिट्टी घालायची. माझ्या जन्माच्या आधीपासून घालत होती! पण आता बाया म्हणायला लागल्या, मास्तर वाजवतोय. एकीनं खाडीच्या कडेला पांढरा सूट पाहिला. बगळा असणार, पण तिला कोण सांगणार? मजूर संध्याकाळचं त्या बांधावरून जाईनात.

मी मनात हसत होतो. मग एकदा दिवस मावळताना मिठाची मोजणी लिहून त्याच बांधावरून परतत होतो आणि उघाडी वाजली. खाली करडं पाणी मागे सरकत होतं, आजूबाजूला चिटपाखरू नाही. आणि तो सूर, देवाशप्पथ सांगतो, तबकडीतलाच होता. मी चालायला लागलो. मग जरा भरभर. मग वही एका हातात आणि चपला दुसऱ्या हातात घेऊन पळालो. गोष्ट मीच रचलेली हे मला ठाऊक होतं की नव्हतं? होतं. पण पायांना ठाऊक नव्हतं!

पुढल्या खेपेला कासमचाचालाही मी तेच सांगितलं. "चाचा, त्या तिबुर्सच्या आणखी तबकड्या असतील तर ठेवा. बिचारा वारला ना." चाचानं कानाला हात लावले आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवायला सुरुवात केली. बोलण्याच्या भरात मी बहिणीचं लग्न कधी आहे, गाव कुठे, तेही सांगून बसलो होतो. ते पुढे नडलं.

लग्न दोन दिवसांवर आलं. मुलगा करंजा गावचा, बोटीवर कामाला, चांगला. त्याला वडील नव्हते, सगळी सूत्रं चुलत्याच्या हातात. चुलता पोशा पाटील. हा माणूस एवढा शकुन-अपशकुन पाळणारा की पुतण्याचं आधीचं एक स्थळ त्यानं मांडवावर घुबड बसलं म्हणून मोडलं होतं. नवरीला हळद लागलेली, आणि हा वऱ्हाड घेऊन चालू पडला! त्या मुलीचं लग्न पुढे तीन वर्षं जमलं नाही.

यमूला हे माहीत होतं. तिनं मला स्वयंपाकघराच्या मागे गाठलं.

"दादा, मना यो नवरा पसंत हाय," ती सरळ म्हणाली. कधी असं बोलणारी नव्हे. "माझे लग्नान तुजी भुतां नको. त्या पोशाकाकाचे कानावर काय गेला तर मी जल्मभर बापाचे घरान बसन."

"काही होत नाही गं," मी म्हटलं.

तेवढ्यात हिराआजी आली. "दामू, तुजे मास्तराला पन आवतान देते मी. ज्याचा कोन नाय, त्याचा आपन."

यमूनं माझ्याकडे पाहिलं. आता बोल, असं ते बघणं होतं. अहो, मी तोंड उघडलं सुद्धा! पण भिंतीवर तिबुर्सचा फोटो, त्याला ताजा हार, समोर आजीचा हळवा चेहरा. आता खोटं म्हणून सांगायचं तर टपरीवर, गावात, घरात तोंड कुठे दाखवू? मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात मी एवढा एकदाच गप्प बसलो आणि तेही चुकीच्या वेळी.

लग्नाचा दिवस उजाडला तो उजाडलाच नाही म्हणा. माघातलं धुकं, हातभर पुढचं दिसेना. करंज्याचं वऱ्हाड पहाटेची भरती धरून आलं, मांडवात बसलं. मधे पोशा पाटील, लाल फेटा, मांडीवर मुठी, नजर मांडवाच्या छताकडे. घुबड शोधत असणार.

हिराआजीनं धवला धरला. एकसुरी, हळू, कान देऊन ऐकावं असा आवाज. कुलदेवाला बोलावलं, गावदेवीला बोलावलं. मग आमचा पणजा, आजोबा, लहानपणी गेलेली आत्या. नावामागून नाव. मांडवात कोणी हलत नव्हतं. धुकं बांबूंच्या मधून आत येत होतं. आणि शेवटी तिनं म्हटलं, खारे पाण्यातला तिबुर्स मास्तर, ज्याचा कोन नाय, त्यानी पन यावा.

आणि खाडीकडून ट्रम्पेट वाजला.

उघाडी नव्हे! उघाडीची शिट्टी मी जन्मभर ऐकली होती. हा ट्रम्पेट होता. आणि सूर तोच, तबकडीतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हिराआजीचं तोंड उघडंच राहिलं. सूर थांबला. जरा वेळानं पुन्हा वाजला. या वेळी जवळून.

एका बाईच्या तबकातल्या वाट्या किणकिणत होत्या, तेवढाच आवाज. मग धुक्यातून पावलं आली. करकर, करकर. तबकडी सुरू व्हायच्या आधी करकरते ना, अगदी तशी. मांडवाच्या तोंडाशी एक माणूस येऊन उभा राहिला. पांढरा सूट. बूट पांढरे. मिशी पांढरी, भुवया पांढऱ्या, केस पांढरे. डोळे तेवढे काळे, आणि ते आमच्या मागे कोण आहे ते बघत होते. हातात ट्रम्पेट.

भिंतीवर हार घातलेला माणूस दारात उभा!

आता ऐका. त्या मांडवात शेदोनशे माणसं होती. त्यांच्यातल्या फक्त एकाला पक्कं ठाऊक होतं की हा माणूस बुडाल्याची गोष्ट खोटी आहे. एकाला! आणि "भूत! भूत!" म्हणून सगळ्यात आधी कोण किंचाळलं असेल?

मी. नवरदेवाच्या पाटावर चढून किंचाळलो.

मग काय विचारता! बाया पोरं उचलून घरात शिरल्या, वाजंत्री ताशा टाकून पळाले. पोशा पाटील उभा राहिला. "कोन यो?" त्याच्या प्रश्नाला आमच्या गावानं एका आवाजात उत्तर दिलं, "दामूचा मेलेला मास्तर!"

तो पांढरा माणूस एक पाऊल पुढे आला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दामू कोण? मी दामूसाठी आलोय."

अहो, माझ्याभोवतीची माणसं अशी बाजूला झाली की मधे मी एकटा पाटावर! सख्खे बाबा दोन हात लांब सरकले. त्यांचा राग नाही, मीही सरकलो असतो.

त्या क्षणी मात्र माझं डोकं ताळ्यावर आलं. भूत कसलं? तो बुडालाच नव्हता, मीच बुडवला होता! आता खरं सांगायचं ना? नाही, आधी मी आणखी एक थाप मारली. "घाबरू नका! हा त्यांचा जुळा भाऊ असणार!"

"मला भाऊ नाय," तो माणूस म्हणाला. "मीच तिबुर्स. दोन महिने झाले मला मरून, आणि मला सोडून सगळ्या मुंबईला खबर आहे!"

संतापानं बोलला हो तो बिचारा, टोमणा मारला. पण ऐकणाऱ्यांना काय? त्यांना एवढंच ऐकू आलं की दोन महिने झाले मला मरून. मांडवाच्या मागची बाजू तेवढ्यावर रिकामी झाली. एक म्हातारी धीर करून ओरडली, "बूट कार! पाय उलटे हायेत का बघू!" तर तो बूट काढीना. मोज्याला भोकं होती, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

पोशा पाटलानं फेटा सारखा केला. "नवऱ्याला उठवा," तो म्हणाला. "खाडीतला गिरा, पान्यातला भूत, आवतान देऊन बोलावलाय या लोकानी. या घरातली पोर आमाला नको. चला, पानी हाय तंवर होरी सोरा."

वऱ्हाड उठलं. नवरदेव माझ्या बहिणीकडे बघत उठला. यमू रडत नव्हती. हळदीच्या पिवळ्या चेहऱ्यानं नुसती माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं मला आजही सहन होत नाही. मी पोशा पाटलाच्या पायांवर पडलो.

"पोशाकाका, हा माणूस जिवंत आहे! मी खोटं बोललो. बोट, वादळ, सगळं माझ्या मनचं. मी याला कधी बघितलंही नव्हतं. सगळ्यांदेखत सांगतो, मी खोटारडा आहे!"

बोललो एकदाचा. छातीवरचा दगड उतरला असं वाटलं. पोशा पाटलानं वाकून माझ्याकडे पाहिलं.

"मंग पयला भूत भूत कोन बोंबलला?"

यावर तुम्ही काय बोलला असता?

"बहिनीचे लग्नासाठी खोटा बोलतंय यो," पोशा पाटील वऱ्हाडाला म्हणाला. आणि आमच्या गावानंही माना हलवल्या! जन्मभर थापा मारल्या त्या सगळ्या खऱ्या धरल्या, आणि एकदा खरं बोललो तर कुणाला पटेना. टपरीवाला तर माझी कीव करत म्हणाला, "जाव दे दामू, माया असते बहिनीची."

वऱ्हाड मांडवाच्या तोंडाशी पोचलं, पण तिथे तिबुर्स उभा. त्याच्या अंगावरून जायला कोणी तयार नाही. म्हणून तेवढा वेळ मिळाला.

हिराआजी उठली. सत्तरीची बाई, काठी टेकत थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. त्याला खालीवर न्याहाळलं. मग बोटानं त्याच्या बाहीवरचा पांढरा थर खरवडला आणि ते बोट तोंडात घातलं. सगळा मांडव श्वास धरून.

"मीठ हाय," आजी म्हणाली.

"होय बाय," तिबुर्स म्हणाला. "धुक्यात वाट दिसेना. राशीवर चढलो आणि सगळी रास घेऊन खाली आलो. तोंडात गेलं, डोळ्यात गेलं. किती हाका मारल्या, कोण ओ देत नाही. मग ट्रम्पेट वाजवला, म्हटलं कुणीतरी येईल न्यायला."

आजी वळली. "पोशा, भुताला मीठ चालतो का रं?"

आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भुताखेताचा उतारा आळणी ठेवतात, चुकून मिठाचा खडा पडला तर भूत शिवत नाही. मिठागर ओलांडून भूत गावात येत नाही, हा तर आमचा भरवसा होता. आणि हा माणूस नखशिखान्त मिठात लोळून उभा!

पोशा पाटील घुटमळला. मग तोही पुढे झाला. लाल फेटा, एवढ्या मिशा, आणि त्या माणसानं भर मांडवात तिबुर्स मास्तरच्या खांद्यावर बोट फिरवून चाटलं. विचार केला. पुन्हा एकदा चाटलं.

"मीठ बरा हाय," तो म्हणाला. आणि जाऊन जागेवर बसला.

लग्न लागलं! अक्षता पडल्या तेव्हा मी रडलो, आणि खोटं कशाला सांगू, यमूपेक्षा जास्त रडलो.

जेवायला तिबुर्सला माझ्याशेजारी बसवलं. तेव्हा तो का आला ते कळलं. मी कासमचाचाला सांगितलं, चाचानं बाजाराला, बाजारानं हॉटेलांना. तो ताप येऊन आठवडाभर घरी होता, तेवढ्यात बँडमधल्या त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवला. लग्नाची बोलावणी बंद झाली. मेलेल्याला कोण बोलावणार? "माझ्या चर्चमधे माझ्यासाठी प्रार्थना झाली," तो भाताचा घास घेत म्हणाला. "मी मागच्या बाकावर बसलो होतो. पाद्री इतकं चांगलं बोलला, मला मधे उठून 'मी आहे' म्हणायची लाज वाटली." मग माग काढत कासमचाचा, आणि चाचाकडून माझा पत्ता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टपरीवरच्या एका 'हॅ'ला घाबरून मी एका जित्या कलावंताचं पोट मारलं होतं. मी ती तबकडी आणून त्याच्यापुढे धरली. त्याची तेवढी एकच, दुसरी निघालीच नव्हती. त्यानं पुसून ती ऐकली, शेवटच्या खोकल्यापर्यंत.

"हे 'येतां रे' कुणाला?" मी हळूच विचारलं.

"रेकॉर्ड करणारा बाहेरून बोलवत होता. चहा थंड होतोय म्हणून."

जाताना तो तबकडी घेऊन गेला. जायच्या आधी हिराआजीनं त्याला मांडवात बसवलं, ती गायली आणि तो मागे वाजवत गेला. तसं जॅझ मी नंतर कुठल्या तबकडीत ऐकलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी मुंबई गाठली, कासमचाचापासून हॉटेलपर्यंत सगळ्यांना तो जिवंत असल्याचं सांगत फिरलो. खुर्ची त्याला परत मिळाली.

इथे संपलं असतं तर बरं होतं.

दोनेक वर्षांनी कळलं, तिबुर्स मास्तरचं नाव झालंय. दर रविवारी सकाळी त्याच्या हॉटेलात जॅझ ऐकायला गर्दी होते, आणि एका धुनेला तर लोक रडतात. मी गेलो. लाजेनं अगदी मागची खुर्ची धरली. शेवटी तो पुढे आला, दिवे मंद केले, आणि म्हणाला, ही धून एका मित्रासाठी.

"उरण के मिठागर में एक आदमी था," तो सांगायला लागला. "जॅझ का ऐसा दिवाना, सुई नहीं तो काँटे से रेकॉर्ड बजाता था. एक दिन कोहरे में मेरा ट्रम्पेट सुना, और उस आवाज के पीछे खाडी में चलता गया. लाश नहीं मिली. आज भी भाटा आता है तो नमक पर काँटे की करकर सुनाई देती है."

मग त्यानं वाजवलं. तीच धून. पण आता तिच्यात उघाडी होती, धुकं होतं, करड्या पाण्यातून कोणीतरी लांब लांब जात होतं. मी रुमाल काढला. मला आवरेना.

शेजारच्या बाईनं माझ्या हातावर हात ठेवला. "आपके कोई थे?"

"हां," मी म्हटलं. "बहुत अच्छा आदमी था बेचारा."

संध्याकाळच्या लाँचने परत आलो. मोऱ्याला टपरीवाल्यानं हाक मारली, मी थांबलो नाही. तडक घरी गेलो आणि आधी स्वयंपाकघरात जाऊन चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून बघितलं.